उलट्या सीटची सायकल

बायकोची मोठी बहीण आपल्यावर डाफरणार, एवढं मी लग्नाआधीच गृहीत धरलं होतं. ती माणसांना चोपतेसुद्धा, हे नंतर कळलं.

आम्ही तिला अक्का म्हणायचो. तिचा नवरा गॅरेजात कामाला होता आणि घरी आला की हात उचलायचा. अक्काने काही वर्षं सोसलं. मग एका संध्याकाळी त्याच्याच पान्याने त्याच्या गुडघ्याची वाटी फोडली. तो लंगडत गेला तो परत आला नाही. पाना मात्र तिने ठेवून घेतला, कारण पाना चांगला होता.

पुढे शहरात त्या मोबाईलवर उघडणाऱ्या सायकली आल्या. त्यांना ना स्टँड, ना ठरलेली जागा. चालवायची आणि वाटेल तिथे सोडून द्यायची. लोकांनी त्या खरोखरच वाटेल तिथे सोडल्या. नाल्यात, झाडावर, जिन्याखाली. एकाने तर चाकं काढून सांगाडा गच्चीवर नेला आणि त्यावर गाद्या वाळत घातल्या. या सगळ्या गोळा करून, मोडक्या असतील त्या दुरुस्तीच्या शेडवर पोचवायचं काम आमच्याकडे आलं. टेंपो मी चालवायचो, सायकली अक्का उचलायची. दोन हातांत दोन. मला कंबरेचा त्रास आहे, निदान मी तसं सांगत आलोय.

या कामात रोज भांडण ठरलेलं. फुकट हाताशी आलेली वस्तू परत मागितली की माणूस असा खवळतो, जणू त्याची किडनी मागितली. एका म्हातारीने अक्काच्या मनगटाला कडकडून चावा घेतला होता. एका दुकानदाराने शटर तिच्या पाठीवर ओढलं. अक्काने त्याला शटरमधून ओढून बाहेर काढलं आणि हवा भरायच्या पंपाने असा झोडपला की चार दुकानं पटापट बंद झाली. मी टेंपोत बसून काच वर घेतली. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा मजा वाटली होती. शिकलेसवरलेले लोक सायकलीला स्वतःची साखळी लावून वर आम्हालाच चोर म्हणत. कुणीतरी त्यांना बडवायलाच हवं होतं.

घरी अक्का वेगळीच. एक खोली, एक पलंग, खिडकीत वाळणारे हातमोजे. माझी मुलं तिच्या अंगावर लोळायची. त्यांना तिने कधी टपलीही मारली नाही.

आता सीटचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच घडलं. सायकल बिघडलेली असेल तर चालवणारा तिची सीट उलटी फिरवून ठेवायचा, टोक मागे. पुढच्याने समजायचं की हिला हात लावू नकोस. कंपनीने हे कुणाला शिकवलं नव्हतं. लोकांनीच आपापसात ठरवलं आणि सगळ्या शहरात ते चालत होतं. एवढी एकच शहाणपणाची गोष्ट लोकांनी केली होती.

चढावरच्या एका बिल्डिंगीच्या वॉचमनने या खुणेचीही वाट लावली. तो चांगल्या सायकलींच्या सीटा उलट्या करून ठेवायचा. बाहेरचे लोक बिघडलेल्या समजून सोडून द्यायचे आणि सायकली बिल्डिंगवाल्यांना राखीव. अक्काने हे हेरलं आणि हात धुवून त्याच्या मागे लागली. ती रोज जाऊन सीटा सरळ करायची, तो रोज उलट्या करायचा.

त्या सकाळी गेलो तर प्रत्येक सायकलीला त्याने वरून साखळीही ठोकलेली. अक्काने कटर काढला.

"हात लावलास तर हात तोडीन," वॉचमन म्हणाला.

"ये की तोडायला."

त्याने काठी घातली ती तिच्या खांद्यावर बसली. तिने कटरची मूठ त्याच्या तोंडावर हाणली. त्याचा ओठ फाटला आणि एक दात रस्त्यावर पडला. तरी तो थांबेना. त्याने तिचे केस धरले, तिने त्याला भिंतीवर आपटलं. त्याची मुलगी, असेल पंधरा-सोळाची, क्लासची बॅग घेऊन फाटकात उभी होती आणि ओरडत होती, "बाबांना सोडा! सोडा ना!" लोकांनी दोघांना ओढून बाजूला केलं. तेव्हा तो रक्त थुंकत म्हणाला, "नवऱ्याने टाकलेली बाई, दुसरं काय येणार हिला?"

अक्काने कटर उचलला आणि पहिली साखळी कापली. ती बोलत नसली की माझी पाचावर धारण बसते.

आम्ही साखळ्या कापून टेंपो गच्च भरला. एक सायकल उरली, कुणीतरी नुकतीच फाटकाबाहेर सोडून गेलेली. अक्काने ब्रेक तपासले. दोन्ही तारा कुरतडल्यासारख्या, एकेका धाग्यावर लोंबत होत्या. एकदा जोरात दाबले की खेळ खलास. तिने सीट उलटी केली, म्हणाली, "दुसऱ्या खेपेला नेऊ," आणि टेंपोत येऊन बसली.

उतार संपला, मोठा रस्ता लागला, ट्रकांच्या गर्दीत आम्ही जरा पुढे गेलो असू. अक्का एकदम डॅशबोर्डवर हात आपटून ओरडली, "जावईबापू, मागे वळवा!"

"काय झालं?"

"अहो, त्या बिल्डिंगीत उलटी सीट म्हणजे चांगली सायकल!"

मला समजायला एक क्षण लागला. कसा वळवला टेंपो देव जाणे, शिव्या खात वळवला. उताराच्या तळाशी पोचलो आणि वर पाहिलं तर ती मुलगी त्याच सायकलीवर फाटकासमोरून निघत होती. बाबांनी आपल्यासाठी एक वाचवून ठेवली, असंच तिला वाटलं असणार.

अक्काने उडी टाकली आणि चढावर धावत सुटली. "थांब! ए पोरी, उतर खाली!"

मुलीने समोर कोण येतंय ते पाहिलं. थोड्या वेळापूर्वी जिने आपल्या बापाचा दात पाडला, ती बाई आता हात पसरून आपल्यावर धावून येतेय. कुठली मुलगी थांबेल? तिने उलट आणखी जोरात पेडल मारलं. सायकल सुटली. माझ्यामागे ट्रकांची रांग धडधडत चालली होती.

अक्काने तिला बाजूने धडक दिली. साधी नाही, सगळ्या अंगानिशी. मुलगी हवेत उडाली आणि फुटपाथच्या कडेवर हातावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मला खालपर्यंत आला.

वॉचमनने ते वरून पाहिलं. फाटकाचा लोखंडी अडसर उपसून तो खाली आला आणि अक्का उठायच्या आत त्याने तो तिच्या उजव्या कोपरावर घातला. मग पुन्हा तिथेच. मग बरगड्यांवर. दोघातिघांनी लाथा घातल्या. त्या पंपाच्या वेळी दुकानं बंद करणाऱ्यांपैकीही एक होता, त्याने तर चप्पल काढली. "ब्रेक नाहीत! ब्रेक नाहीत त्या सायकलीला!" मी घसा फाडून ओरडत होतो, पण माझी कॉलर एकाने पिरगाळली होती आणि ऐकतंय कोण? ही बाई मारते हे सगळ्या वस्तीला पाठ होतं. ती कुणाला वाचवेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

शेवटी मी कॉलर फाडून सुटलो, सायकल उचलली आणि वॉचमनच्या छातीवर नेऊन आदळली. "दाब! दाब ब्रेक!"

त्याने दाबला. तार तट्‌कन तुटली. दुसरा दाबला, तोही तसाच. त्याने खाली मोठ्या रस्त्याकडे पाहिलं, ट्रकांकडे पाहिलं आणि अडसर हातातून टाकून तो तिथेच मटकन बसला. गर्दी अशी पांगली की कुणी नव्हतंच जणू.

अक्काच्या कोपराचा चुरा झाला होता. हा हात पुन्हा वजन उचलणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कंपनीने तर मारामारीचं निमित्त करून तिचं नाव त्याच संध्याकाळी काढून टाकलं. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "टेंपोतून पडले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अक्का, डोकं फिरलंय का तुमचं? हात गेला, काम गेलं आणि त्या माणसाला सोडून देताय?"

"जावईबापू, जरा गप्प बसा."

दोन दिवसांनी वॉचमन मुलीला घेऊन वॉर्डात आला. मुलीचा हात प्लॅस्टरमध्ये. तो अक्काच्या पायांवर डोकं ठेवून हुंदके देत राहिला. "देवमाणूस आहात, ताई. माझी पोर वाचवलीत आणि वर माझं नावही घेतलं नाहीत." शेजारच्या खाटांवरच्या बायका डोळे पुसायला लागल्या. अक्काने मात्र तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला ते सोसवत नव्हतं.

"मला जरा पाणी आणून द्या," ती त्याला म्हणाली. तो बाटली घेऊन धावला. मग तिने मुलीला जवळ बोलावलं. मी खाटेच्या पायथ्याशीच होतो, पण तिने मला जा म्हटलं नाही.

"तुला अडवायला हवंच होतं," अक्का म्हणाली. "पण हँडल धरूनही अडवता आलं असतं. तेवढी जवळ होते मी. धडक दिली ती तू त्याची पोरगी म्हणून. आणि देताना मला बरं वाटलं."

मुलगी प्लॅस्टरवरचा धागा ओढत राहिली. "माहितीये मला," ती म्हणाली. "मी तुमचं तोंड बघितलं होतं."

"मग बापाला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी तुम्हाला मारून टाकलं असतं."

वॉचमन पाणी घेऊन आला. अक्काला उजव्या हाताने बाटली धरता येईना, म्हणून मुलीने आपल्या धड हाताने ती तिच्या तोंडाला लावली.