घोंगडीची चड्डी आणि मालेगावची बंडी

तमाम नागरिकांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, या लेखाचा विषय चड्डी हा आहे. ज्यांना लढाया, तोफा आणि शौर्यपदके यांची अपेक्षा असेल त्यांनी पान उलटावे. मी सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीत, नाईक होतो. मी गोळी कमी झाडली आणि पाण्याखाली जास्त गेलो. पाण्याखाली जाणाऱ्या माणसाला शत्रू नसतो. त्याला फक्त थंडी असते, आणि थंडीशी लढणारं त्याचं एकमेव हत्यार त्याच्या अंगातली लोकरी चड्डी असते. हसून घ्या. आम्हीही हसलो होतो.

सन तीसनंतरच्या एका जानेवारीत आमची डायव्हिंग पार्टी खडकीहून नाशिक जिल्ह्यात पाठवली गेली. हरसूलच्या वरच्या अंगाला डोंगरात एक धरण होतं. त्याच्या तळाचा लोखंडी दरवाजा बंद अवस्थेत अडकला होता आणि खालच्या शेतांना पाणी मिळत नव्हतं. कामाचा हुकूम साधा होता. तळाशी जायचं, गाळ काढायचा, दरवाजाच्या कडीत तारेचा दोर अडकवायचा, वरून कप्पीने ओढायचं. आत्ताच सांगून टाकतो, तो दरवाजा आमच्याने हलला नाही. त्यामुळे शेवटी काहीतरी विजय मिळेल म्हणून कोणी वाट पाहू नये.

पार्टीचे प्रमुख हवालदार शेलार. मिशा भरघोस, बोलणं मोजकं. डायव्हर दोन: एक मी, म्हणजे नांदगावचा गणपत, आणि दुसरा लान्स नाईक यासीन, मालेगावच्या विणकराचा मुलगा. बाकीचे पंप फिरवणारे आणि दोर धरणारे.

डायव्हरचा पोशाख रबर लावलेल्या कॅनव्हासचा असतो. मानेपासून पायापर्यंत एकच तुकडा. वर तांब्याचं हेल्मेट, पायात शिशाचे बूट, हेल्मेटमध्ये टेलिफोन. पाणी आत येत नाही. हात तेवढे उघडे. पण पोशाखाला स्वतःची ऊब नसते. ऊब आतल्या कपड्यांची. हवालदारसाहेबांचा सगळा अभिमान त्या पोशाखात होता. रोज सकाळी ते त्यात हवा भरत, शिवणींवर साबणाचं पाणी लावत आणि बुडबुडा येतो का ते बघत. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "शेलारच्या हातचा पोशाख गळत नाही." सबंध नोकरीत एकदाही गळला नव्हता. कोणी साहेबाने दुसऱ्यांदा तपासायला सांगितलं तर ते दोन दिवस जेवणावर राग काढत.

आतले कपडे मात्र स्टोअर्सकडून यायचे होते. पेटी आली, आम्ही उघडली. लाल लोकरी टोप्या होत्या. मोजे होते. एक जर्सी होती. चड्डी एकही नव्हती. सोबतच्या चिठ्ठीत बाबूने कळवलं होतं की नाशिक जिल्हा उष्ण प्रदेशात मोडत असल्यामुळे बाकीचे लोकरी कपडे देता येत नाहीत. त्या पहाटे आमच्या तंबूबाहेरच्या बादलीवर बर्फाची साय धरली होती.

"गणपत, यासीन," हवालदारसाहेब म्हणाले, "हरसूलचा बाजार आहे. लोकर आणा."

बाजारात लोकर एकाच रूपात होती, घोंगडी. धनगराने घोंगडी उलगडली. यासीनने तिचं टोक अंगठा आणि बोटात धरून चोळलं. विणकराच्या घरातली सवय. तो जेवायला बसला तरी आधी पंगतीतल्या पाहुण्याचं धोतर चोळून बघायचा.

"हे कापड नाही," तो म्हणाला. "मेंढ्यांची मारामारी आहे."

"अंगाला लागलं की थंडी पळते, दादा," धनगर म्हणाला.

"थंडी कशाला, माणूसच पळेल."

तरी दोन घेतल्या. बाजारातल्या शिंप्याने मापं घेतली आणि घोंगडीची चड्डी ऐकून मशीन थांबवलं. "यात माणूस घालायचा का मेंढरू?" त्याने विचारलं. दोन सुया मोडल्या. संध्याकाळी आम्ही दोन चड्ड्या आणि बाह्यांचे दोन सदरे घेऊन परतलो. ते अंगात घालून आम्ही बांधावर संचलन केलं आणि पंपवाल्यांनी सलामी दिली. आमच्या चालीत ऐट होती, कारण त्या चड्डीत गुडघे वाकत नव्हते.

हवालदारसाहेबांचा नियम एकच होता. "लोकर कातडीला. मध्ये काही नाही."

"का, साहेब?" यासीनने विचारलं.

"माझ्या उस्तादांचा नियम आहे."

"पण का?"

"उस्तादांना विचार. ते वारले."

आता अडचण अशी की यासीनच्या अंगाला लोकर सोसत नव्हती. तासाभरात मानेवर, पोटावर गांधी उठायच्या. आणि डायव्हरला एकदा पोशाख चढला की खाजवता येत नाही. मोर्चावरच्या शिपायालाही पाठ खाजवायची मुभा असते, डायव्हरला नसते. म्हणून यासीनने आत एक पांढरी सुती बंडी घातली. कापड त्याच्या अब्बांनी स्वतःच्या मागावर विणलेलं, शिवली आईने. मऊ, दाट, नवी. मी कराकरा अंग ओरबाडत बसलो की तो माझ्यासमोर येऊन बंडीवरून हात फिरवायचा.

"बघ नांदगाव, याला म्हणतात कापड. तू मेंढी हो. मी माणूस राहतो."

हवालदारसाहेबांनी बंडी पाहिली. "काढ ती."

"साहेब, खाली असताना खाज आली तर हातातलं काम सुटेल. गळ्याची शपथ."

पहिल्या दिवशी ते ओरडले. दुसऱ्या दिवशी पुटपुटले. दोन्ही दिवस यासीन गाळ काढायला गेला, लवकर वर आला, ठणठणीत होता. तिसऱ्या दिवशी ते काही बोलले नाहीत. खरं म्हणजे त्या नियमाचं कारण आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यांनाही नाही.

चौथ्या दिवशी दोर अडकवायचा होता. पाळी यासीनची. त्याला पोशाख चढवला, बूट बांधले, छातीवर शिशाची वजनं लावली. तेवढ्यात निरोप आला की इंजिनिअरसाहेब स्वतः हजर राहणार आहेत, तोवर काम सुरू करू नये. पोशाख उतरवून पुन्हा चढवणं म्हणजे अर्धा दिवस. म्हणून यासीन तसाच स्टुलावर बसून राहिला. आमच्या डोंगरात जानेवारीची पहाट कुडकुडवते आणि दुपार भाजून काढते. पोशाख रबराचा. घाम जायला वाट नाही.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"हमामात बसलोय. पाठ चोळायला माणूस पाठव."

साहेब आले, जेवले, मग बांधावर आले. हेल्मेट चढलं. यासीन खाली गेला. टेलिफोनवर हवालदारसाहेब होते, शेजारी मी.

"तळाशी पोचलो."

"थंडी?"

"नाही. बरं वाटतंय उलट. दोर सोडा."

दोर सोडला. त्याने कडी शोधली, पण कप्पीवर दोर एकदम ढिला पडला आणि त्याचं वेटोळं यासीनच्या बुटावर बसून दरवाजाच्या खाचेत रुतलं. ओढलं की आवळत होतं.

"पाय अडकलाय. ओढू नका. मी काढतो."

"शांत राहा. काढ."

काही वेळ फक्त श्वास ऐकू येत होता.

"साहेब, गार लागतंय. बंडी पाठीला चिकटलीय."

"बोटं हलव."

"हलवतोय. मला दिसतायत. कळत नाहीत."

हवालदारसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोवर घोंगडी चढवायला लागलो होतो. दुसरा पोशाख, दुसरा पंप. सहा माणसं मला कोंबत होती आणि तरी वेळ जात होता. माझ्या कानावर टेलिफोनचे तुकडे येत होते. यासीनची जीभ जड झाली होती.

"नांदगाव कुठंय?"

"येतोय. चढवतायत त्याला."

"त्याला सांगा, खाजवून घे म्हणावं. खाली जमत नाही."

मग स्पष्ट, जवळजवळ खुशीत:

"साहेब, आता थंडी गेली."

हवालदारसाहेबांनी माझ्या हेल्मेटवर हात आपटला. जा.

मी खाली गेलो. गढूळ पाण्यात हात चाचपत त्याचा बूट सापडला. हातोडा आणि पहारीने वेटोळं सोडवायला मला किती वेळ लागला ते मला आजही सांगता येत नाही. माझे हात बधिर झाले. पण छाती, पाठ, पोट कोरडं आणि ऊबदार होतं, आणि खाजत होतं. त्याच पाण्यात, त्याच्यापासून हातभर अंतरावर. त्याच्या हेल्मेटच्या काचेला मी काच लावली. डोळे उघडे होते. मला पाहून त्यांत काही हललं नाही.

वर आणला तेव्हा श्वास चालू होता. पोशाख कापून काढला, आतले ओले कपडे उतरवून गाठोड्यात बांधले, ब्लँकेटं गुंडाळली, लॉरीत घातला. देवळालीच्या मिलिटरी हॉस्पिटलला निघालो. त्र्यंबकच्या रस्त्यावर, नाशिक दिसायला लागलं तेव्हा, तो गेला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी अजून घोंगडीतच होतो.

दुसऱ्या सकाळी खडकीहून आलेल्या आमच्या कॅप्टनसाहेबांनी चौकशी केली. त्यांनी कापलेल्या तुकड्यांच्या शिवणी एकेक करून पाहिल्या. पाण्याचा थेंब आत आला नव्हता. आतलं सगळं ओलं होतं ते घामाने. लोकरीनं घाम धरूनही अंगापासून अंतर ठेवलं असतं. सुती बंडी ओली होऊन कातडीला चिकटली आणि तळाशी तीच थंडी झाली. उस्तादांच्या नियमाचं कारण हे होतं. कॅप्टनसाहेबांनी लिहून घेतलं, पोशाख निर्दोष. हवालदारसाहेबांनी खाली सही केली.

मी आता पन्नाशीला आलो. थंडी पडली की अंगाला लोकर घालतो, आत काही नाही. घरात सगळे हसतात, मीही त्यांच्यासमोर माकडासारखा खाजवून दाखवतो. यासीनची आठवण काढायला माझ्याजवळ एवढीच रीत आहे. त्याला बहुधा चालली असती.

त्या चौकशीच्याच दिवशी दुपारी त्याचे अब्बा मालेगावहून आले. लहानखुरे, पांढरी टोपी, विणकराची वाकलेली पाठ. त्यांनी मुलाला पाहिलं. मग कपडे मागितले. गाठोडं आमच्या हवाली होतं, तसंच बांधलेलं. त्यांनी घोंगडीची चड्डी बाजूला ठेवली. बंडी हातात घेतली, तिचं टोक अंगठा आणि बोटात धरलं आणि चोळलं. अगदी यासीनसारखं.

"मेरे मागावरची आहे," ते म्हणाले. मग थांबले. पुन्हा चोळली. मूठ आवळली, तसं बोटांमधून पाणी आलं.

"ही इतकी ओली कशी? ही ऊनी घोंगडी तर कमी ओली हाय." त्यांनी आमच्याकडे, एकेकाकडे पाहिलं. "पोशाखात पानी नाही येत, यासीन सांगायचा. सूत पानी धरतं, बेटा. मी जनमभर सूत विणलं. सांगा मला, ही बंडी नसती तर…"

कॅप्टनसाहेब खाली बघायला लागले. आणि माझ्या मागून, परेडवर द्यावा तसा मोठा आवाज आला. हवालदारसाहेबांचा.

"पोशाख गळत होता, चाचा. मीच तपासला होता."