दाजींच्या कार्डांना गिऱ्हाईक

मंदी कशी सांभाळावी हे आमच्या दाजींकडून शिकावं. मी पाहिलेली माणसं भाव चढला की माल विकतात, पडला की हळहळतात. दाजी गेली पंचवीस वर्षं एकच माल धरून बसलेत आणि त्याचा भाव कधी चढलाच नाही, त्यामुळे पडण्याचं दुःखही त्यांना झालेलं नाही. हा माल म्हणजे मोटारींच्या शर्यतींची कार्डं. पत्त्याच्या पानाएवढी, पुढच्या बाजूला मोटार किंवा ती हाकणारा, मागं बारीक अक्षरात त्याची माहिती. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या भावानं अमेरिकेहून पुतण्यासाठी खोका पाठवला, पुतण्यानं तो उघडलाही नाही, आणि दाजी तो घरी घेऊन आले तो कायमचाच. तिकडं ही कार्डं कधीतरी एवढी छापली गेली की प्रत्येकानं भाव वाढेल म्हणून जपून ठेवली, आणि सगळ्यांनीच जपून ठेवल्यावर घ्यायला कुणी उरलं नाही. हे दाजींना ठाऊक आहे. घरी आलेल्या पाहुण्यानं किंमत विचारली की ते शांतपणे सांगतात, "सध्या थांबायचं."

वेगाचं त्यांना आकर्षण असेल असं कुणाला वाटेल. त्यांची स्कूटर गारखेड्यातून अशी जाते की रस्त्यावरच्या बाईकडून मेथीची जुडी घासाघीस करून घेता येते, न थांबता. मी एकदा टीव्हीवर मोटारींची शर्यत लावून दिली. दोन मिनिटांत त्यांनी आवाज बंद केला आणि म्हणाले, "केवढा गोंगाट करतात रे!" कार्डं मात्र ते हात धुऊन, पुसून, कडांना धरूनच उचलतात. दमट हवेनं ती वाकू नयेत म्हणून बुटांच्या खोक्यात येणाऱ्या पांढऱ्या पुड्या लागतात, आणि त्या मागायला ते गुलमंडीतल्या चपलांच्या दुकानात जातात. दुकानदार कळवळून म्हणाला होता, "चाचा, कभी जूता भी ले लो!" दाजींनी पायातल्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ये अभी चल रहे हैं."

माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, हे सगळं सोसत होती. पण मुलीचं लग्न झाल्यावर ते लहान फ्लॅटमध्ये आले आणि त्या एका खोक्यापासून वाढत गेलेल्या कार्डांच्या सात पेट्या पलंगाखाली मावेनात, तेव्हा तिनं सांगितलं, "अहो, एक तर या विका, नाहीतर मला गादी गॅलरीत घालून द्या." दाजींनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी, जुनी नाणी आणि पोस्टाची तिकिटं विकणाऱ्यांचं प्रदर्शन एका मंगल कार्यालयात भरलं होतं, तिथं त्यांनी टेबल घेतलं. सोबतीला मी.

दिवसभरात आमच्या टेबलाशी पुष्कळ लोक थांबले. बहुतेकांनी स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारलं. एका बाईंनी क्रिकेटची आहेत का म्हणून विचारलं आणि नाहीत म्हटल्यावर आमच्याकडे दयेनं पाहिलं. पाचच्या सुमारास धोतर नेसलेले, काखेत पिशवी धरलेले एक म्हातारे गृहस्थ आले. सोयगावचे निवृत्त गुरुजी. कार्डं बघत बघत ते टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. दाजी उठून उभे राहिले. इतक्या वर्षांतलं पहिलं गिऱ्हाईक!

"लई झकास सांभाळलीत," गुरुजी म्हणाले.

"घेणार?"

"नाय हो," म्हणत गुरुजींनी पिशवीतून तसल्याच कार्डांचा जाडजूड अल्बम काढला. "मी बी विकायलाच आलोय. सकाळपास्नं फिरतोय, कोणी हात लावंना."

मग दोघं समोरासमोर बसले आणि कार्यालयाचा माणूस दिवे घालवायला आला तरी उठले नाहीत. विक्री शून्य झाली. अदलाबदल मात्र इतकी झाली की आम्ही नेलेल्या सात पेट्या आठ होऊन परतल्या. ताईनं दार उघडलं, पेट्या मोजल्या आणि ती आत गेली.

त्यानंतर चार वर्षं, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, गुरुजी एसटीनं यायचे. ताई कपाळाला आठ्या घालून पोहे करायची आणि त्यांच्यासाठी मिरची कमी घालायची.

या उन्हाळ्यात गुरुजी गेले. महिन्याभरानं त्यांचा मुलगा अल्बमांची पोती घेऊन आला. "काका, बाबांच्या ह्या चित्रांचं काही येईल का?"

मी दाजींकडे पाहिलं. 'सध्या थांबायचं' हे त्यांचं ठरलेलं उत्तर आता येणार असं मला वाटलं.

"काही येणार नाही," दाजी म्हणाले. "कधीच येणार नाही." मग म्हणाले, "पण तुम्हाला अडचण होत असेल तर राहू द्या माझ्याकडं."

मुलाचा चेहरा मोकळा झाला. तो गेल्यावर ताई उठली, कपाटातला साड्यांचा एक कप्पा रिकामा केला आणि म्हणाली, "इथं ठेवा. खाली ओल येते."

परवा मी गेलो तेव्हा दाजी गुरुजींचा अल्बम मांडीवर घेऊन बसले होते. वर्षावरून नाही, चालकावरून नाही, गुरुजींनी सगळी कार्डं मोटारींच्या रंगावरून लावली होती. आधी तांबड्या, मग पिवळ्या, मग निळ्या.

"सगळं चुकीचं लावलंय," दाजी म्हणाले.

"मग तुम्ही नीट लावून टाका की."

दाजींनी एक तांबडी मोटार कडेला धरून अर्धी बाहेर काढली. तिच्याकडे पाहिलं, आणि हलकेच परत आत सरकवली.

"कुणाला विचारून लावू?" ते म्हणाले.