रॉकेल सरांचा ठिपका

सरांच्या अंगाला कायम रॉकेलचा वास यायचा. रेशनवरचं रॉकेल बंद झालं, तरी त्यांचा वास गेला नाही. पोरं ओरडायची, "रॉकेल सर आले, काडी ओढू नका बे!" सर म्हणायचे, "ओढा की. पेटू द्या एकदाचं डिपार्टमेंट."

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात त्यांचं एक टेबल होतं. हादरे बसू नयेत म्हणून पायांखाली ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे, वर रॉकेलने भरलेली काचेची टाकी, टाकीत विजेवर थरथरणारा एक स्फटिक आणि समोर जत्रेत मिळते तसली लाल लेझर. स्फटिक थरथरला की रॉकेलमध्ये आवाजाच्या लाटा उठायच्या, आपल्याला ऐकू न येणाऱ्या. "आपल्या कानाला न्हाई, उजेडाला ऐकू येतं," सर म्हणायचे. सरळ जाणारा किरण फुटून भिंतीवर ठिपक्यांची रांग उमटायची.

इथवरचं पुस्तकात आहे. सरांचं वेड त्याच्या पुढचं होतं. दोन किरण एकमेकांतून आरपार जातात, कुणी कुणाला जुमानत नाही. "जुमानायला लावायचं तर लई ताकदीची लेझर लागते. ती आपल्याकडं न्हाई. मग मधी आवाज घालायचा." बाजूच्या एका ठिपक्याचा उजेड ते सेन्सरवर घ्यायचे आणि त्याच्या जोरावर स्फटिकाचा आवाज वाढवायचे. लेझर हळूहळू वाढवली की एका क्षणी ठिपका भक्कन उजळायचा. मग लेझर पुन्हा कमी केली, तरी तो बराच वेळ तसाच तेवत राहायचा. "बघ, उजेडाला आठवण राहिली," सर म्हणायचे, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा.

मी चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर वाढलेली. वडिलांनी लिहायची, मी चौकात घोषणा देत वाटायची. सरांना मी तोंडावर विचारलं होतं, "ह्या ठिपक्यानं कुणाचं काय भलं होणार, सर?" ते म्हणाले, "मला न्हाई ठाऊक. पण गरिबाच्या लेझरनं होतंय, एवढं बघ की." त्या दिवसापासून मी त्यांच्या टेबलाशी बसू लागले.

विद्यार्थी चारच उरले, तेव्हा संस्थेने प्रयोगशाळा बंद करायचं ठरवलं. बाहेरचे एक तज्ज्ञ येऊन सरांचा प्रयोग पाहतील, त्यांनी शिफारस केली तर प्रयोगशाळा राहील, एवढीच सवलत मिळाली. मी रागाने पत्रक लिहिलं. सरांनी ते वाचून घडी घातली. "मोठ्या आवाजानं उजेड हलतो गं. वळत न्हाई."

तज्ज्ञ आले त्याच दुपारी कॉलेजसमोरच्या रस्त्यावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची मिरवणूक थांबली. डीजेच्या भिंतींनी खिडक्या थरथरल्या. ट्यूबचे तुकडे कुठवर पुरणार? ठिपका सेन्सरवरून सारखा घसरत होता. मी धावत खाली गेले.

"दादा, दहा मिनिटं बंद करा!"

"कावून, ताई? सायबाचा वाढदिवस हाय!"

"वर प्रयोग चाललाय!"

"मग इथं बी प्रयोगच हाय! वाढव रे!"

चौक गाजवणारा माझा गळा मलाच ऐकू येईना. वर आले तर सर दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरून उभे होते. तज्ज्ञांनी घड्याळ पाहिलं, सरांचा खांदा थोपटला आणि ते निघून गेले.

तासाभराने रस्ता शांत झाला. सरांनी लेझर वाढवली. ठिपका भक्कन उजळला. कमी केली, तरी तेवत राहिला. खोलीत आम्ही दोघंच होतो.

महिन्याभरात कुलूप लागलं. सर कड्याला, आपल्या गावी निघाले. मांजरसुंब्याच्या फाट्यावर मी त्यांना सोडायला गेले होते. आष्टीकडची गाडी यायच्या आत त्यांनी वही काढली. शेवटच्या पानावर त्या दुपारचा आलेख होता: लेझर चढवतानाची एक वाट, उतरवतानाची वेगळी. खाली 'समक्ष पाहणाऱ्याची सही' ही जागा कोरी.

"सही कर."

"सर, माझ्या सहीला काय किंमत?"

"तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग कर की."

आजवर मी कितीतरी निवेदनांवर सह्या ठोकल्या होत्या. इथे आधी आलेखावरून बोट फिरवलं, मग सही केली. सरांनी वही माझ्याकडेच ठेवली आणि ते गाडीत चढले. प्रयोगशाळेत आता जुन्या उत्तरपत्रिकांची खोकी रचली आहेत. ही वही कुणाला दाखवावी, हे मला अजून कळलेलं नाही. उघडली की रॉकेलचा वास येतो.