लोणीचा श्रोता

त्या पॉडकास्टवरचा आमचा उरलासुरला विश्वास उडाला तो एका प्रश्नामुळे.

पॉडकास्ट पळण्याच्या सरावाचा होता, मराठीतला. माझं मंचरला कापडाचं दुकान आहे. आमचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण मला मारवाडी नीट बोलताही येत नाही. दिवसभर गादीवर बसून रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि चालताना कानात काहीतरी हवं म्हणून मी तो लावला. त्यात दोघंजण बोलायचे. एक शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर आणि दुसरा त्यांचाच जुना विद्यार्थी, पूर्वी मॅरेथॉन पळलेला. स्वयंपाकघरात बसून रेकॉर्ड करत असावेत, कारण मागे कुणीतरी भांडी लावत असायचं. सर पोटरीच्या दुखण्यावरून सुरू करायचे आणि कुठल्यातरी जत्रेतल्या शर्यतीपाशी जाऊन पोचायचे. विद्यार्थी हसत हसत त्यांना पुन्हा पोटरीवर आणायचा. त्या दोघांचं ऐकता ऐकता मी चालणारा माणूस पळायला कधी लागलो, ते माझं मलाच कळलं नाही.

आमच्यासारखे आणखी होते. पॉडकास्टखालच्या कमेंट वाचून आम्ही एकमेकांना शोधलं, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला आणि रविवारी लेण्याद्रीच्या पायथ्याशी जमून तिथून पळायला लागलो. ग्रुप चालवायचा जुन्नरचा एक मेडिकलवाला. माझी जोडी जमली ती आळ्याच्या एका बँकेतल्या माणसाशी, कारण आम्ही दोघंही सारखेच हळू. पळता पळता आम्ही सरांच्या बोलण्याची नक्कल करायचो.

मग एक दिवस पॉडकास्टला संगीत आलं. भांड्यांचा आवाज गेला. सर गेले, आणि ते का गेले हे कुणी सांगितलं नाही. विद्यार्थी महिन्यातून एकदा यायचा आणि पाहुण्यासारखा बोलायचा. बाकीचे भाग एक नवी मुलगी करायची. तिचं मराठी स्वच्छ होतं, फार स्वच्छ. प्रत्येक भागाच्या मधोमध प्रोटीन पावडरची जाहिरात यायची.

ग्रुपवर संशयाला तिथून सुरुवात झाली. सरांना काढलं असणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं. नवी मुलगी माणूसच नाही, कॉम्प्युटरचा आवाज आहे, असं मेडिकलवाल्याने लिहिलं. ती श्वास कुठे घेते ते ऐका, म्हणाला. आम्ही ऐकायला लागलो. पूर्वी आम्ही पळण्यासाठी ऐकायचो, आता चूक पकडण्यासाठी ऐकत होतो. आळ्याचा गडी तर भाग अर्ध्यात थांबवून, मागे घेऊन पुन्हा ऐकायचा.

अशात तो प्रश्न आला. मुलगी म्हणाली, आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचे एक श्रोते विचारतात: मी पन्नाशीचा शेतकरी आहे, उसाच्या कडेने पळतो, बिबट्या असेल म्हणून सारखं मागे वळून बघतो, त्यामुळे मान धरते, तर काय करावं?

ग्रुप पेटला. बिबट्या कशाला घातलाय ते उघड आहे, असं एकाने लिहिलं. पुण्यात एसीत बसून कुणालातरी आमच्या भागाचा प्रश्न हवा होता, म्हणून बिबट्या चिकटवला. लोणीकडे पाण्याची मारामार, तिथे ऊस कुठला, असं दुसऱ्याने विचारलं. आणि पन्नाशीचा शेतकरी दिवसभर रानात राबून वर पळायला कशाला जाईल? मेडिकलवाल्याने निकालच दिला की प्रश्न बनावट आहे आणि असा माणूसच नाही. मग मला टॅग करून लिहिलं की, शेठ, लोणी तुम्हाला जवळ आहे, एकदा बघून या.

मलाही ते हवंच होतं. दुकान बंद असायच्या दिवशी मी मोटरसायकल काढली आणि लोणीला गेलो.

लोणीत माझ्या ओळखीचं एकच माणूस होतं. ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई. अस्तर आणि मॅचिंगचं कापड न्यायला त्या माझ्याकडे यायच्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील, बोलायला कमी. त्यांच्या दारात मशीन चालू होतं. मी आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं की, गावात कुणी माणूस पळायला जातो का, साधारण पन्नाशीचा.

त्यांनी मशीन थांबवलं. "कशापाई?"

काही नाही, असंच, म्हणालो.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "इथं कोण पळतंय." आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

मी स्टँडवरच्या चहाच्या टपरीत गेलो. तिथे तोच प्रश्न विचारला आणि माझ्या भोवती माणसं जमली. एकाला वाटलं, मी जमिनीचा एजंट आहे, रस्त्याकडेच्या तुकड्यांवर डोळा ठेवून आलोय. एक म्हातारे गृहस्थ मला बाजूला घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "पावणं, स्थळाची चौकशी असंल तर सरळ सांगा. पण पन्नाशीचा म्हंजी दुसरेपणाचं हाय का?" मी नाही म्हणालो तर त्यांचा संशय आणखी वाढला. तिसऱ्याने माझ्या गाडीच्या नंबराचा फोटो काढला. हल्ली पाण्याच्या मोटारी चोरीला जातात, असं तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी पॉडकास्टचं सांगायचा प्रयत्न केला. पळण्याबद्दलचा रेडिओसारखा कार्यक्रम असतो, त्यात तुमच्या गावातून प्रश्न आला, आम्हाला वाटतं तो खोटा आहे, म्हणून बघायला आलो. बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की, यातलं एकही वाक्य कुणाला खरं वाटण्यासारखं नाही. चहाचे पैसे देऊन मी निघालो. वाटेत, गावाबाहेर, एका शेततळ्याच्या कडेला ऊस दिसला. फार नव्हता, पण होता.

मी गाडी थांबवून तो ऊस बघत असताना फोन वाजला. दुकानातून नेलेल्या पिशवीवर माझा नंबर असतो.

"शेठ, विचारायचं बंद करा," शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या. "कुणी पाठवलं तुमाला?"

कुणी नाही, आमचा एक ग्रुप आहे, मी म्हणालो.

"कसला ग्रुप?"

मी सांगितलं. मागे मशीनचा आवाज नव्हता.

"त्यो प्रश्न माझा हाय," त्या म्हणाल्या. "म्या पुरुषाचा म्हणून धाडला. बाई पळती म्हणलं की लोकं इचारत्यात, घरात काय झालं. काय झालंबिलं न्हाई. मला बरं वाटतं, म्हणून पळती."

दुपारी गाव आडवं झालं की त्या शेताच्या बांधाने पळायच्या, साडी खोचून, पायात लेकीचे जुने बूट. मी विचारलं की, बिबट्या खरंच त्या बाजूला येतो का.

"येत असंल. पर भर दुपारी कशाला येतोय त्यो?" त्या म्हणाल्या. "मान माणसांपायी वळती, शेठ. कोण बघतंय का म्हणून. पर तसं लिवता येतं व्हय?"

मग मी जे सगळ्यांना विचारायचो तेच विचारलं: जुने भाग ऐकले का, सरांचे? त्यांनी ऐकले होते, पण नंतर, नवे आवडले म्हणून मागे जाऊन. सरांचं बोलणं चांगलं होतं, म्हणाल्या, पण ते दोघं आपापसात हसायचे. ऐकताना त्यांना पुरुष बसलेल्या पारासमोरून चालल्यासारखं वाटायचं. ही मुलगी बरी, ती सरळ सांगते. मान खांद्यात घेऊ नका, हनुवटी सैल सोडा, असं तिने सांगितलं आणि त्याने फरक पडला.

फोन ठेवताना त्यांनी मला शपथ घातली नाही की विनवणी केली नाही. एवढंच म्हणाल्या, "पुढल्या खेपेला अस्तर न्यायला येते तवा हा विषय नको."

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं की प्रश्न खरा आहे, मी खात्री केली आहे. मेडिकलवाल्याने लगेच नाव विचारलं. ते सांगता येणार नाही, मी लिहिलं. फोटो? नाही. निदान नंबर? नाही. मग तो ऊस, तो बिबट्या, सगळं पुन्हा निघालं. बिबट्याचं मी काहीच बोललो नाही, कारण तेवढ्यापुरते ते बरोबर होते आणि ते मला सांगता येणार नव्हतं. शेवटी एकाने लिहिलं की, शेठ व्यापारी माणूस, पावडरची एजन्सी घेतली असेल. खाली हसणारे चेहरे आले. हसून लिहिलं होतं, पण ते कुणी खोडलं नाही.

त्यानंतर ग्रुपवर मी आल्यावर बोलणं बदलायला लागलं. मला न घेता दुसरा ग्रुप केला असावा, असं वाटायचं. रविवारी लेण्याद्रीला गेलो तर चौघं माझ्याआधीच पळायला गेलेले असायचे. त्यांची वेळ बदलली होती का, की मीच उशिरा पोचायचो, हे मी आजतागायत विचारलेलं नाही. मीही आता घोळक्यातल्या प्रत्येकाकडे तसंच बघायला लागलो. त्या बाईंचं यातल्या कुणाला कळलं तर, याचीच भीती वाटायची. एकदा त्या दुकानात आल्या असताना बाहेर रस्त्यावर मेडिकलवाल्याच्या गाडीसारखी गाडी दिसली, तर मी उगीच कापडाचा ताका उलगडून मध्ये धरला. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि अस्तराचा रंग निवडला.

पॉडकास्ट मी अजून ऐकतो. मुलगी श्वास घेते की नाही हे मी ठरवू शकलेलो नाही. सर कुठे गेले तेही कळलं नाही. त्यांची आठवण येते, भांड्यांच्या आवाजाचीही येते, पण आता जुना भाग लावला की त्या दोघांच्या हसण्याशी मी जरा थांबतो.

आळ्याचा गडी मात्र माझ्याबरोबर पळत राहिला. परवा आम्ही दोघंच होतो, गोळेगावच्या रस्त्याने. पळता पळताच, पुढे बघत तो म्हणाला, "राव, आता तरी खरं सांगा. लोणीत व्हता का कोण?"

"होता," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. पटलं म्हणून हलवली की नुसतीच, ते मला सांगता येणार नाही. पुढे चढ आला आणि आम्ही दोघंही चालायला लागलो.