महिलांचं टेबल ओट्यावर

गेल्या वर्षी संक्रांत झाल्यानंतरच्या सोमवारी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातलं महिलांचं टेबल उचलून बाहेरच्या ओट्यावर ठेवण्यात आलं. त्याच्या जागी एक लोखंडी कपाट आलं. कपाट नवं होतं, करड्या रंगाचं. टेम्पोतून उतरवलं तेव्हा मी तिथे होतो. आत काही नव्हतं. दारावर लाल अक्षरांत एका दिवंगत शेतकऱ्याचं नाव होतं आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेलं होतं.

वाचनालय आळेफाट्याकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर, बाजारतळाला लागून आहे. एक लांब खोली, एक दार, समोर ओटा. खोलीच्या मध्यभागी वर्तमानपत्रांचं मोठं टेबल. सकाळी तिथे पुरुष मंडळी बसतात. दाराच्या समोरच्या भिंतीला महिलांचं टेबल असायचं. पूर्वी ते रिकामंच असे, त्यावर जुने दिवाळी अंक पडलेले असत. अलीकडच्या काळात भरतीच्या परीक्षा देणाऱ्या मुली तिथे येऊ लागल्या. चौघीजणी नेमाने यायच्या. बाकीची जागा कपाटांनी भरलेली आहे.

ही कपाटं येतात कुठून, ते सांगायला हवं. जुन्नर-आंबेगाव भागात दहाव्याला घाटावर मोठी गर्दी होते. प्रवचन होतं, पिंडाला कावळा शिवतो, मग माइक पुढाऱ्यांकडे जातो. श्रद्धांजलीची भाषणं संपली की घरातलं कोणी तरी देणग्या जाहीर करतं. देवळाला काही, शाळेला काही, वाचनालयाला कपाट. वाचनालयाला बहुधा कपाटच. मी वर्तमानपत्राचा वार्ताहर, वाचनालयाच्या कमिटीत आल्यावर एकदा म्हणालो होतो की लोकांना पुस्तकं द्यायला सांगू. अध्यक्षांनी मला समजावलं.

"पुस्तकावरचं नाव आतल्या पानावर जातं भाऊ. कपाट कसं दारातनं दिसतं."

घाटावर जाहीर झालेली भेट आजवर कोणत्याही कमिटीने नाकारलेली नाही. नाकारणं म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान. आणि एकदा ठेवलेलं कपाट हलवताही येत नाही. काही वर्षांपूर्वी एक कपाट दाराआड सरकवलं, तर त्या घरचे लोक वार्षिक सभेला यायचे बंद झाले. "आमच्या वडलांना कोपऱ्यात घातलं," असं ते आजही म्हणतात. त्यामुळे पुस्तकं आहेत तेवढी दोन जुन्या काचेच्या कपाटांत दाटीने बसलेली आहेत आणि लोखंडी कपाटं भिंतीभर रिकामी उभी आहेत. दारातून दिसणारी शेवटची मोकळी भिंत महिलांच्या टेबलामागची होती.

ते करडं कपाट ज्यांच्या नावाचं, त्यांची नात त्या चौघींपैकी एक होती.

ती मळ्यात राहते, बी. ए. झालेली आहे. कारकुनाच्या पदासाठीच्या सरळसेवा परीक्षेचा तिने अर्ज भरला होता. घरात ठरलेलं होतं, ही शेवटची. निघाली तर नोकरी, नाही तर उन्हाळ्यात लग्न. हे तिनेच मला सांगितलं, टेबल बाहेर आलं त्या आठवड्यात, ओट्यावर उभी राहून.

"घरी नाही का होत अभ्यास?" मी विचारलं.

"घरी बसले की मी सगळ्यांना रिकामी दिसते काका. कांद्याची लागण चाललीय. कोणी पाणी मागतं, कोणी चहा. पुस्तक उघडं राहतं नुसतं."

"चुलत्यांना सांग की मग. कपाट त्यांनीच दिलंय."

"मी कशी सांगू? आजोबांच्या कपाटाला नातच नावं ठेवते, असं व्हईल."

ओट्यावर बसून अभ्यास होईल असं कमिटीतल्या सगळ्यांचं म्हणणं होतं. मी दोन दिवस तिथे थांबून पाहिलं. पहिल्या दिवशी बाजार होता. टेबलापासून हाताच्या अंतरावर मेथीच्या जुड्यांचा ढीग लागला. टेम्पोवरचा भोंगा एकच वाक्य सारखं ओरडत होता. दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता, तर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस थांबत होता.

"कुणाची गं तू?"

तिने सांगितलं.

"असं व्हय! म्हातारा लई भला माणूस व्हता. आता काय शिकती?"

तिने तेही सांगितलं. तो गेला, दुसरा आला. त्यानेही आधी कुणाची ते विचारलं. दुपारपर्यंत तिचं एक पान झालं असेल.

मी कमिटीच्या बैठकीत विषय काढला. सकाळी दहानंतर वर्तमानपत्रांचं टेबल मोकळं असतं, तिथे मुलींना बसू द्यावं, असं सुचवलं. रोज वर्तमानपत्र वाचायला येणारे एक निवृत्त मास्तर बैठकीला बसले होते. ते म्हणाले, "आणि मधेच आम्हाला काही बघावंसं वाटलं तर? आम्ही कुठं जायचं?" काय बघावंसं वाटेल, हे त्यांनी सांगितलं नाही. मुलींनी मात्र तो प्रयोग करून पाहिला. मास्तर समोर येऊन बसले आणि इतिहासाचे प्रश्न विचारू लागले. उत्तर चुकलं की मोठ्याने हसायचे. मुली ओट्यावर परत गेल्या.

मग मी करडं कपाट बाजूला घेण्याबद्दल बोललो. अध्यक्षांनी हात वर केले.

"लोकार्पण व्हायचंय अजून."

"कपाटाचं?"

"मग? चुलत्यांनी तालुक्याच्या नेत्यांना शब्द टाकलाय. ते येणार, फीत कापणार, फोटो निघणार. तोवर कपाट दारासमोरच पाहिजे. एकदा फीत कापली की तुमी ते डोक्यावर घेऊन फिरा राव, माझं काय जातंय?"

"तारीख काय आहे?"

"तारीख नेते देतील."

कपाटाची किल्ली तोवर चुलत्यांच्या घरी राहणार होती. म्हणजे त्यात चार पुस्तकंही ठेवता येत नव्हती. ग्रंथपालांनी ही गोष्ट बैठकीत मांडली. "फीत कापायच्या आधी पुस्तकं भरली तर मग लोकार्पण कसलं?" असं अध्यक्ष म्हणाले. ठराव झाला: लोकार्पण होईपर्यंत महिलांचं टेबल तात्पुरतं बाहेर ठेवावं. ठरावाच्या विरोधात मी एकटा होतो. माझा विरोध नोंदवून घेतला आणि चहा आला.

चौघींपैकी एक ओढ्याजवळच्या बौद्ध वस्तीतली होती. छप्पन्न सालानंतर तिच्या पणजोबांनी धम्म स्वीकारला. वडलांचं फाट्यावर वेल्डिंगचं दुकान आहे. तिने मार्ग काढला.

"आमच्या विहारात बसू. पंखा आहे, लाइट आहे. दुपारचं कोणी नसतं. मी वडिलांना विचारलंय, ते वस्तीतल्या पंचांशी बोलले."

विहाराची खोली वाचनालयाच्या निम्मी असेल, पण तिथे एकही कपाट नव्हतं. सतरंजी होती आणि मुलांच्या शिकवणीसाठी केलेली बसकी टेबलं होती. वस्तीतल्या बायकांनी खोली झाडून, पुसून दिली.

चौघींपैकी दोघींच्या घरून परवानगी मिळाली नाही. त्यातल्या एकीच्या आईला मी रस्त्यात विचारलं. ती म्हणाली, "तिकडं कशाला?" तेवढंच. पुढचं वाक्य ती बोलली नाही. गावात ते वाक्य कोणी बोलत नाही. सगळ्यांना ते माहीत असतं. त्या दोघींनी अभ्यास सोडला. एक आता फाट्यावरच्या मोबाइलच्या दुकानात बसते.

उरलेल्या दोघी विहारात जाऊ लागल्या. चार दिवसांत चुलत्यांच्या कानावर गेलं. ते वाचनालयात आले ते थेट माझ्याकडे. अंगात पांढरा सदरा होता आणि आवाज चढलेला होता.

"भाऊ, तुमीच सांगितलं म्हणं पोरीला तिकडं बसायला."

"मी नाही सांगितलं. पण वाईट काय आहे?"

"गावात एवढं वाचनालय असताना आमची पोरगी वस्तीत जाऊन बसती. लोकं काय म्हणतील?"

"वाचनालयात तिला जागा नाही."

"जागा नाय असं कोण म्हणतं? टेबल हाय की बाहेर."

"त्या टेबलाच्या जागी तुमचं कपाट आहे."

त्यांनी भिंतीकडे वळून वडलांच्या नावावरची धूळ रुमालाने पुसली. "वडलांच्या नावाचं कपाट," ते म्हणाले. "तुमी पेपरवाले. तुमाला कशाचंच काय वाटत न्हाई." आणि निघून गेले.

मुलीला घरातून कोणी अडवलं नाही. तिच्या आईने एवढंच सांगितलं होतं, "जा. पर दिवस मावळायच्या आत ये. ऊस अजून उभा हाय." आमच्याकडे ऊस उभा असला की बिबट्या त्यात असतो असं धरूनच चालतात. त्यामुळे पाच वाजले की मुलगी विहारातून उठायची आणि मैत्रिणीचे वडील दुकान बंद करून तिला मोटारसायकलवर मळ्याच्या तोंडापर्यंत सोडायचे. ते रस्त्यावरूनच वळायचे. मळ्यात येत नसत. त्यांना तसं कोणी सांगितलेलं नव्हतं.

मधल्या काळात लोकार्पणाची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा रद्द झाली. एकदा नेते मुंबईला गेले. एकदा त्यांना मंचरकडे एका दहाव्याला जावं लागलं. कपाटाला बांधलेली फीत तशीच होती. तिचा रंग उतरला. ग्रंथपालांनी स्वतःच्या खिशातून नवी आणली. मी अध्यक्षांना लेखी पत्र दिलं की परीक्षेपर्यंत तरी टेबल आत घ्यावं. उत्तर तोंडी मिळालं: "एवढं थांबलोय, आता थोडक्यासाठी कशाला?"

तिसरी तारीख आली ती लग्नसराईत. नेत्यांना राजुरीत एका लग्नाला यायचं होतं, वाटेत दहा मिनिटं देणार होते. तो नेमका मुलीच्या परीक्षेचा दिवस निघाला. परीक्षा पुण्यात, कॉम्प्युटरवर, दुपारच्या सत्रात.

आदल्या दिवशी वाचनालयात मांडवाचं सामान उतरत होतं. मुलगी ओट्यावर जुने अंक परत द्यायला आली होती. चुलत्यांनी तिला तिथेच गाठलं.

"उद्या नेत्यांना ओवाळायला तू पाहिजे. घरचीच पोरगी पाहिजे, आजोबांचं काम हाय."

"नाना, उद्या माझा पेपर आहे."

"कितीला?"

"दुपारी. पण पुण्यात. बारापर्यंत आत जावं लागतं."

"मग दहाला ओवाळ आन् जा."

"दहाला निघून नाही पोचत नाना. चाकणला गाड्या अडकतात."

"नेते दहाला म्हंजे दहाला येतात," चुलते म्हणाले. मांडवाचा बांबू धरून उभा असलेला माणूस हे ऐकून हसला. चुलत्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो बांबूकडे बघू लागला.

मुलीने अंक ठेवले आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ती त्याच पेपरला बसलेल्या मैत्रिणीबरोबर पुण्याला गेली. आई फाट्यापर्यंत सोडायला आली होती. हे मला नंतर मैत्रिणीच्या वडलांकडून कळलं. त्यांनीच दोघींना गाडीत जागा धरून दिली.

मी मांडवात होतो. खुर्च्या भरल्या होत्या. ओट्यावरचं महिलांचं टेबल त्या दिवशी हार, नारळ आणि पेढ्यांचे बॉक्स ठेवायला घेतलं होतं. दहा वाजले, अकरा वाजले. स्पीकरवर भक्तिगीतं चालू होती. चुलते दर थोड्या वेळाने फोन लावत होते आणि "निघालेत" असं सांगत होते. ओवाळायला दुसऱ्या घरातली मुलगी तबक घेऊन उभी होती. निरांजन विझलं की ती पुन्हा लावायची. बारानंतर खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. अध्यक्षांनी माइकवरून सांगितलं, "पावणं कोणी जाऊ नका, साहेब फाट्यावर आलेत." नेते फाट्यावरून सरळ लग्नाला गेले आणि तिकडूनच परतले. पेढे वाटले. फीत कापली नाही, कारण ती नेत्यांनीच कापायची होती.

संध्याकाळी चुलते ओट्यावर एकटे बसले होते. मला म्हणाले, "पोरगी असती तर साहेब आले असते." मी टेबलावरचे पेढ्यांचे रिकामे बॉक्स खाली उतरवले.

पुढे निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि लोकार्पणाचा विषय बाजूला पडला. कमिटीच्या त्यानंतरच्या बैठकीत मी पुन्हा टेबलाचा विषय मांडला. जुना ठराव कायम ठेवण्यात आला. मी कमिटीचा राजीनामा दिला. तो अजून मंजूर झालेला नाही, कारण त्यानंतर बैठक झालेली नाही.

उन्हाळ्यात मुलीला दोन स्थळं आली. आईने निकाल लागेपर्यंत थांबायला लावलं.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. मैत्रिणीचं नाव निवड यादीत आहे. ती कागदपत्रांच्या पडताळणीला जाऊन आली. मळ्यातल्या मुलीचं नाव प्रतीक्षा यादीत आहे. वरच्या उमेदवारांपैकी कोणी रुजू झालं नाही तर तिला बोलावतील. अजून बोलावणं आलेलं नाही. यादीची मुदत अजून संपलेली नाही.