मरणाला लाइनीत उभं करणारी माणसं

डायलिसिसला आलेला माणूस चार तास जागचा हलू शकत नाही. एक हात मशीनला जोडलेला, दुसरा मोकळा, आणि तोंड तर अगदीच मोकळं! आठवड्यातून दोन-तीनदा तोच बेड, तेच शेजारी. मग किस्से साठणार नाहीत तर काय!

दिल्लीला साहित्य शिकून मी सोलापूरला परत आले आणि इथल्या एका डायलिसिस सेंटरमध्ये दर गुरुवारी कविता वाचायला जाऊ लागले. मला वाटलं होतं, मरणाच्या इतक्या जवळची माणसं डोळे मिटून ऐकतील. कुणी रडेल, कुणी माझा हात हातात घेईल. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "मॅडम, किती वेळ चालंल? मॅच हाय."

तरी मी वाचली. होस्टेलवर लिहिलेली माझीच कविता. मरण एका बाईच्या दारात येतं, एवढीच गोष्ट. शेवट असा होता:

तो म्हणाला, चल.
तिने पदराला हात पुसले,
माठातलं पेलाभर गार पाणी ती प्यायली
आणि कुणाकडे काही न मागता
त्याच्यासोबत निघाली.

वॉर्ड एकदम शांत झाला. मला वाटलं, पोचली कविता! मग टॉवेलच्या कारखान्यातून रिटायर झालेले नागण्णाकाका हळूच म्हणाले, "पेला फुल भरलेला होता?"

"हो काका."

"माठातलं पाणी?"

"हो."

"अय्यो!" म्हणाले आणि त्यांनी खरंच डोळे मिटले.

या पेशंटना दिवसाचं पाणी मोजून प्यावं लागतं, आणि बाहेर सोलापूरचा उन्हाळा. मरण कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं!

पुढच्या गुरुवारी टेक्निशियन किरणने मला दारातच अडवलं. "मॅडम, दोन डायलिसिसच्या मधे जास्त पाणी प्यायलं की वजन वाढतं. सगळ्यांची वाढलीत. ती पाण्याची ओळ काढा, नाहीतर कविता बंद!"

काढली. सेन्सॉर झालेली माझी ही पहिलीच कविता.

* * *

युसुफभाईंची रिक्षा आहे. त्यांना त्या बाईचं वागणंच पटलं नव्हतं.

"मॅडम, वो बुलाया और ये निकल गई? ऐसा कैसा? हमारे स्टँडपे भी नंबर रहता."

"मग काय करायला हवं होतं तिने?"

"बोलने का, लाइन में लग. मेरे आगे भोत लोगां खडे हैं."

नागण्णाकाका शेजारच्या बेडवरून म्हणाले, "युसुफ, तू तर स्टेशनवर सगळ्यांच्या पुढं घुसून सवारी घेतोस की रे!"

"वो जीने के वास्ते, काका. मरने के वास्ते मैं कब्बी लाइन नै तोडा!"

* * *

पारूमावशी नातेपुत्याकडून एसटीने यायच्या. एका गुरुवारी मी अगदी पोटतिडकीने त्यांना समजावत होते की, मरणाला विरोध म्हणजे पळून जाणं नाही, ताठ उभं राहणं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दार वाजीवलं तवा वार कुठला हुता?"

"कवितेत वार नाही, मावशी."

"सोमवार नायतर गुरुवार आसंल तर मी घरी नसती. हितं असती. कुलूप बघून जाईल की परत!"

"पण मरण इथंही येऊ शकतं ना?"

त्यांनी हनुवटीने किरणकडे खूण केली. "चपला बाहेर काढल्याबिगर हे पोरगं कुणालाच आत सोडत न्हाय."

* * *

कविता मनापासून आवडली ती फक्त शोभाला. माझ्याच वयाची, इथल्याच जुळे सोलापूर भागात राहणारी, शाळेत क्लार्क. "मला व्हॉट्सॲप करा ना," म्हणाली. मी दिवसभर खुशीत होते!

पुढच्या आठवड्यात किरणने मला बाजूला घेतलं. शोभाची आई तिला किडनी द्यायला तयार होती. शोभा वर्षभर नाहीच म्हणत होती. "आईच्या अंगावर चिरा पाडून मी जगू?" आता तर तिने डॉक्टरांना मोबाइलवर माझी कविता दाखवली होती. "कुणाकडे काही न मागता. मीसुद्धा अशीच जाणार."

मी तशीच तिच्या बेडजवळ गेले.

"शोभा, कविता म्हणजे सल्ला नसतो गं!"

"मग आम्हाला कशाला वाचून दाखवता?" ती शांतपणे म्हणाली.



* * *

शोभाची आई डायलिसिसच्या दिवशी माढ्याहून यायची आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायची. त्या गुरुवारी शोभानेच किरणला सांगितलं, "आईला आत बोलवा. ती कविता तिलाही ऐकू दे, म्हणजे समजेल." आणि मला म्हणाली, "वाचा. शेवट बदलायचा नाही."

आई चपला काढून आत आली, पदर सावरून स्टुलावर बसली. मी वाचली. शेवट बदलला नाही.

"झाली?" आईने विचारलं.

"हो."

"ह्या बाईला आई न्हवती व्हय?"

शोभाने तोंड भिंतीकडे केलं आणि मशीन थांबेपर्यंत ते वळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"ताई, मी आईला घेऊन डॉक्टरांकडे आलेय. तिच्या तपासण्या करून घेतेय."

मागून आईचा आवाज आला, "डावी घेत्यात का उजवी?"

"आई, आधी रक्त तपासतात! सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना?"

"न्हाय गं. तू कवा हो म्हणशील म्हणून दर खेपेला उपाशीच येत हुते की."