जिन्यावरचा वर्ग
कॉफीच्या बिया भाजल्याचा वास आला की मला चेन्नईच्या मैलापुरातला तो अरुंद जिना आठवतो. खाली कॉफीचं दुकान आणि वर बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग. नवऱ्याची बदली चेन्नईजवळच्या आवडी गावाला झाली तेव्हा मी ट्रेन, बस करत तिथं जायचे. वर्गात इंग्रजीच बोलायचं, दुसरी भाषा तोंडातून निघाली की जिन्यावर उभं राहायचं, हा मॅडमचा नियम. त्या दिवशी शब्दांच्या जाती चालल्या होत्या. मॅडम इंग्रजी व्याख्या घोकून घेत होत्या आणि माझ्या शेजारची तमिळ बाई रडकुंडीला आली होती. मला राहवलं नाही. "अहो, हे तर नाम, विशेषण, क्रियापद! आम्ही शाळेतच शिकलोय," मी मोठ्यानं मराठीतच म्हणाले. मॅडमनी दाराकडे बोट दाखवलं. मी उठले, पण शेजारणीचा हात धरूनच. जिन्यावर माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये तिला सांगितलं, कॉफी हे नाव, भाजणं ही क्रिया, कडू हा गुण. "अय्यो, इव्वळवु ताना? एवढंच?" म्हणत ती खळखळून हसली. ते ऐकून आतल्या दोघी मुद्दाम तमिळमध्ये बोलल्या आणि बाहेर आल्या, मग आणखी एक आली. मॅडम दारात येऊन ओरडल्या, "ओन्ली इंग्लिश!" मी म्हटलं, "मॅडम, तो नियम वर्गातला. आम्हाला तर तुम्हीच बाहेर काढलंय." आता आमच्या क्वार्टर्समधल्या बायकांना मी इंग्रजी शिकवते. घरात जागा भरपूर आहे, तरी मुद्दाम जिन्यावर बसून शिकवते.